एकही गाडी नसलेली वाट

२८ सप्टेंबर

भिंगरीचा फोन आला. वीस नोव्हेंबरला येतेय, दहा दिवसांसाठी. हिने फोन माझ्या हातात दिला तोवर सगळं बोलून झालं होतं. आमच्या घरात हे असंच. आधी आई-लेकीचं, मग उरलंसुरलं बापाला.

भिंगरी म्हणजे आमची एकुलती एक. लहानपणी उलट्या केलेल्या सायकलचं चाक फिरवत तासन् तास बसायची, तेव्हापासूनचं नाव. आता एकोणतीस वर्षांची आहे, दुसऱ्या शहरात दातांच्या लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या बनवते, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

फोन ठेवता ठेवता मी बोलून गेलो, "ये तू. तुझ्यासाठी एक वाट तयार ठेवतो. पन्नास किलोमीटर, सगळी खडीची नि मुरमाची, आणि एकही गाडी नाही. एकही."

ती म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी तसं काही नको रे."

नको म्हणाली म्हणजे अजून घाबरते. घाबरणारच. सायकलच्या अपघातात मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत सळई घातलीय, सात महिने काठी होती. दोन वर्षं झाली, पोरीने माझ्यासमोर सायकलला हात लावलेला नाही. तिच्याबरोबर पुन्हा एकदा सायकल चालवायची, एवढंच मला हवंय. बाकी काही नको.

बोलून बसलोय खरं. वाट अजून कागदावरही नाही आणि हातात त्रेपन्न दिवस. म्हणून ही वही काढली. छत्तीस वर्षं मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजल्या, नोंद केल्याशिवाय माझे हातपाय हलत नाहीत.

२ ऑक्टोबर

जुने नकाशे काढून जेवणाच्या टेबलावर पसरले. ही म्हणाली, "आता आम्ही जेवायचं कुठे?" म्हटलं, ताट मांडीवर घे.

वाट दिसतेय. घरामागून कालव्याचा बांध धरायचा, नऊ किलोमीटर, सरळ. पलीकडे जुन्या रेल्वेचा भराव आहे, रूळ उचलून नेले त्याला वीस वर्षं झाली, खाली नुसती खडी राहिलीय. तिथून शेतांमधल्या पायवाटा, झाडी, तळं, परत भरावावर. तेहेतीस किलोमीटरचं वर्तुळ. मग परत कालव्याने घरी. एकूण एक्कावन्न. जाड टायरच्या सायकलला याहून चांगलं काही नाही. दिवसभर गेलो तर मेंढ्यांशिवाय कोणी भेटणार नाही.

पण घोडं पेंड खातंय ते मध्येच. कालवा आणि भराव यांच्यामध्ये मोठा रस्ता आडवा आहे. ट्रक, टँकर, सगळं त्यावरूनच जातं. जाताना एकदा ओलांडायचा, येताना एकदा.

फक्त तीस पावलं रुंद आहे. मोजली आज. मी या बाजूला उभा राहूनच मोजली, अंदाजाने.

५ ऑक्टोबर

रविवारची रपेट. आमची टोळी सात जणांची, सगळे पन्नाशीपुढचे. आमच्यात एक पक्का नियम आहे. कुठलाही रस्ता ओलांडायचा असेल तर पुढचा दोन्हीकडे बघतो आणि ओरडतो, "मोकळा!" मागचे बघत नाहीत, ब्रेक लावत नाहीत, वेग मोडत नाहीत. पुढच्याच्या डोळ्यांवर जातात. अकरा वर्षं पुढे मी असायचो. मोजणीदाराची नजर, म्हणायचे सगळे. हल्ली मी सगळ्यांत मागे असतो. घसा बरा नसतो, ओरडवत नाही.

चहाला थांबलो तेव्हा पंक्चर माझ्याशेजारी येऊन बसला. हा माझा तीस वर्षांचा मित्र. दर रपेटीला त्याचं एक तरी चाक बसतं, म्हणून पंक्चर. म्हणाला, "अरे, तुझी ती दोन भावांची गोष्ट अर्धीच राहिलीय. दोन वर्षं झाली, शेवट तरी सांग."

मी उठलो आणि सायकल घेऊन एकटाच घरी आलो. माणसाने कधी काय विचारावं याला काही ताळतंत्र हवं.

१० ऑक्टोबर

सापडली!

मोठ्या रस्त्याच्या पोटातून एक जुनी दगडी मोरी जाते. या बाजूचं पावसाचं पाणी त्या बाजूला जावं म्हणून कोणे एके काळी बांधलेली. झुडपांत एवढी दडलेली की चार वेळा तिच्या डोक्यावरून गेलो तरी दिसली नव्हती. बावीस मीटर लांब, एक मीटर दहा रुंद, उंची दीड मीटर. जवळजवळ निम्मी गाळाने भरलीय, पलीकडचं तोंड तर पार बुजलंय. गाळ काढला की वाकून, सायकल हाताने ढकलत, पलीकडे. वरून जाऊ देत काय ट्रक जायचे ते. खालून माझी भिंगरी जाईल.

हिशेब केला. सतरा घनमीटर गाळ. रोज पाऊण घनमीटर काढला तर तेवीस दिवस. जमतंय.

एखाद्या भोकाकडे बघून माणसाला इतका आनंद व्हावा, हसू आलं माझंच मला.

१४ ऑक्टोबर

फावडं, घमेलं, गुडघ्यांना बांधायला जुन्या ट्यूबचे तुकडे. हिला सांगितलंय, वाटेची पाहणी चाललीय. खोटं नाही ते.

सकाळी साडेआठला भिंगरीचा फोन. जोरजोरात धापा टाकत होती. म्हटलं काय गं, काय झालं? "काही नाही, आत्ताच पोचले लॅबला. जिने चढले." लॅब तळमजल्यावर आहे तिची, मी स्वतः बघून आलोय. पाय अजून भरून आला नसणार पोरीचा. चार पावलं चालली तरी दम लागतो आणि आम्हाला कळू नये म्हणून जिन्यावर ढकलते. आईवर गेलीय, दुखलं-खुपलं सांगायचं नाही.

हिला सांगितलं तर ही नुसती हसली. आईचं काळीज म्हणतात ते हेच का?

१९ ऑक्टोबर

साडेचार मीटर आत. पाठ मोडून आलीय. आत शिरलं की डोक्यावरून ट्रक जातो तेव्हा दगड दातांसारखे वाजतात. पहिले दोन दिवस मी दर वेळी बाहेर पळायचो. आता फक्त डोळे मिटतो.

एकसष्ट वर्षांचा माणूस नाल्यात गुडघ्यांवर बसून चिखल उपसतोय. खात्यातल्या कोणी बघितलं तर निवृत्तिवेतन थांबवतील.

२३ ऑक्टोबर

भिंगरीने आईकडून स्वतःचा जुना, सायकलदुरुस्तीच्या षट्कोनी चाव्यांचा संच मागवलाय. कपाट जोडायचंय म्हणे. पाठवला.

हिने तिचा एक फोटो दाखवला फोनवर. कुठल्याशा बाकावर बसलीय, पँट दुमडलेली. उजव्या पोटरीवर काळ्या दातांची एक रांग उमटलेली. सायकलच्या चेनचा डाग पडतो ना, हुबेहूब तसा. पण ती तर सायकलच्या वाटेलाही जात नाही, तेव्हा लॅबमधल्या कुठल्या तरी यंत्राचं ग्रीस असणार. हिला म्हटलं, तिला सांग, यंत्रांपासून पाय सांभाळ.

"सांगते," ही म्हणाली.

नऊ मीटर.

२७ ऑक्टोबर

पंक्चरला सुगावा लागलाच. झुडपात माझी सायकल बघून आत डोकावला आणि ओरडला, "अरे मेल्या, जिवंत आहेस का?" मग शर्ट काढून तीन तास माझ्याबरोबर उपसत बसला. जीव लावतो गडी, यात वाद नाही.

पण बाहेर येऊन हात धुताना तोंड उघडलंच. "एक बोलू? वरून तीस पावलं आहेत. थांबायचं, बघायचं, जायचं. शाळेतली पोरं जातात."

"तिला जमणार नाही."

"तिला विचारलंस?"

"बापाला विचारावं लागत नाही."

तो बराच वेळ बोटांतला चिखल काढत राहिला. म्हणाला, "तिचं सोड. तू शेवटचा रस्ता कधी ओलांडलास, पुढे राहून?"

म्हटलं, तुझ्या मागच्या चाकात हवा कमी आहे, ते बघ आधी.

२ नोव्हेंबर

हे हिला कळता कामा नये.

रात्री पाऊस झाला होता. काढलेला गाळ मी मोरीच्या तोंडाशीच ढीग करून ठेवत होतो. मूर्खपणा. नवशिका मजूरही करणार नाही. मी पंधराव्या मीटरवर असताना तो ओला ढीग मागे घसरला आणि तोंड बंद झालं. पुढच्या बाजूला अजून सात मीटर गाळ. मध्ये मी, एक टॉर्च आणि एक घमेलं.

पावणेदोन तास लागले. घमेल्याने खरवडत राहिलो. ओरडलोही असतो, पण ओरडायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. घसा बरा नसतो हे मी सगळ्यांना दोन वर्षं सांगतोय. आज खरंच गेला होता.

भीती कसली वाटली ते लिहितो. मेलो तर ही वाट अर्धी राहील, आणि भिंगरी येऊन तो मोठा रस्ता वरून ओलांडेल. एवढंच डोक्यात होतं.

३ नोव्हेंबर

कपडे बघून हिला कळलंच. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार. चिडली असती तर बरं झालं असतं. माझ्या शर्टाच्या खिशातून ओली माती काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "अहो, पोरगी येईल तेव्हा घरात बाप असायला हवा. वाट नसली तरी चालेल."

मी म्हटलं, तिच्यासाठीच करतोय.

"तिच्यासाठी," ही म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. भांडी जरा जोरात वाजली.

७ नोव्हेंबर

पलीकडचा उजेड दिसला. अकरा वाजून वीस मिनिटं. आधी मुठीएवढा, मग ताटाएवढा. दुपारी मी माझी सायकल ढकलत बावीस मीटर गेलो आणि त्या बाजूला, भरावाच्या पायथ्याशी, उन्हात जाऊन उभा राहिलो. दोन वर्षांत पहिल्यांदाच रस्त्याच्या त्या बाजूला. खडीवर बसून रडलो. रडलो तर रडलो, वही माझीच आहे.

९ नोव्हेंबर

सगळे एक्कावन्न किलोमीटर फिरून आलो. तळ्यावर बगळे. एका शेतात म्हातारा कुत्रा होता, तो भुंकायलाही उठला नाही. एकही गाडी नाही. कुठेही कोणाला "मोकळा" म्हणून ओरडायची गरज नाही. मोजणीदाराच्या जन्मात याहून सुंदर मोजणी झाली नाही. नकाशा शाईने काढायला घेतलाय, वर मोठ्या अक्षरांत नाव घालणार, एकही गाडी नसलेली वाट.

११ नोव्हेंबर

मोरी गेली.

सकाळी गेलो तर रस्त्यावर पिवळी गाडी, पाच-सहा माणसं आणि एक लांब रबरी नळी थेट मोरीच्या तोंडात. मुकादम भला माणूस होता. म्हणाला, "काका, ही मोरी कधीपासून यादीत होती. वर रस्ता खचतोय ना, आत काँक्रीट भरायचं होतं. गाळ काढायचं काम कोणी घेत नव्हतं. कोणीतरी देवमाणसाने काढून ठेवलाय बघा, आमचं आठ दिवसांचं काम वाचलं."

मी म्हटलं, "हो का."

तिथेच उभा राहून बघितलं, भरत आलं तोपर्यंत. त्यांनी मला चहाही दिला.

१२ नोव्हेंबर

उठलो नाही.

१३ नोव्हेंबर

भिंगरीला लिहिलं, यायचं रद्द कर, इकडे हवा चांगली नाही, माझी तब्येतही बरी नाही, पुढच्या वर्षी ये. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. चौथ्यांदा ही मागे उभी होती. माझ्या हातातून फोन काढून घेतला, वाचला, पुसला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

"ती घाबरते असं तिने कधी म्हटलंय तुम्हाला?"

"म्हणणार नाही ती. मला कळतं."

"तुम्हाला डोंबल कळतं," ही म्हणाली. तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

१४ नोव्हेंबर

आता लिहूनच टाकतो. इथे नाही तर कुठे लिहिणार.

अपघाताच्या दिवशी रपेटीला भिंगरीही होती, सुट्टीला आली होती. पुढे मी, मागे पंक्चर, त्याच्यामागे भिंगरी, मग बाकीचे. पंक्चर हळू होता नेहमीसारखा, म्हणून चौकाच्या आधी भिंगरीने त्याला मागे टाकलं. पावाची व्हॅन वळणावरून आली. सगळे म्हणाले, वळणामुळे दिसली नसेल. पोलिसांनीही तेच लिहिलं. मी मान हलवली.

वळणामुळे दिसली नाही हे खरं नाही. मी बघितलंच नव्हतं.

मी मान मागे वळवून पंक्चरला ती दोन भावांची गोष्ट सांगत होतो. शेवटाला आलो होतो. चौक आला आणि मी सवयीने ओरडलो, "मोकळा!" नुसता तोंडाने. अकरा वर्षांची जिभेची सवय. मी पार गेलो. ती माझ्या शब्दावर आली.

चष्मा नव्हता, ऊन होतं, घाम होता, असं काहीही नव्हतं. बघितलं नाही, एवढंच. ही गोष्ट कोणालाही माहीत नाही. हिलाही नाही. दवाखान्यात पोरगी शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाली असेल? "बाबा, तुला लागलं नाही ना?"

सतरा घनमीटर गाळ उपसला, पण हा गाळ आहे तिथेच आहे.

१७ नोव्हेंबर

नकाशा पूर्ण केला. मोरी होती तिथे काहीच काढलं नाही. कालवा येऊन थांबतो, भराव पलीकडे सुरू होतो, मध्ये कोरा कागद. असा नकाशा मी खात्यात दिला असता तर साहेबाने तोंडावर फेकला असता.

ठरवलंय. कालव्याने नऊ किलोमीटर न्यायचं, रस्ता दिसायच्या आधीच थांबायचं, डबा खायचा आणि परत फिरायचं. विचारलंच तर सांगायचं, वाट इथवरच आहे.

२० नोव्हेंबर

आली. तब्येत छान वाटली, गालांवर रंग आहे. लंगडणं जवळजवळ गेलंय. हात मात्र विचित्र झालेत, मनगटापर्यंत रापलेले, तिथून पंजा गोरा आणि बोटांची टोकं पुन्हा रापलेली. अर्ध्या बोटांचे हातमोजे घालून उन्हात फिरलं की होतात तसे. लॅबमध्ये घालत असतील हातमोजे.

सामानात हेल्मेटही निघालं. नवं नाही, चांगलं घासलेलं, एका बाजूला खरवडलेलं. बापाला बरं वाटावं म्हणून कोणाचं तरी उसनं आणलं असेल बिचारीने. माझे डोळे भरून आले. मायलेकी एकमेकींकडे बघत होत्या.

तिची जुनी सायकल मी महिनाभर आधीच साफसूफ करून ठेवली होती. तिने हँडल धरलं, अंगठ्याने टायर दाबून बघितला आणि म्हणाली, "खडीसाठी हवा जास्त आहे रे बाबा, थोडी सोडूया." विसरली नाही म्हणजे काही.

२२ नोव्हेंबर

सगळं जसं झालं तसं लिहितो.

सकाळी सातला निघालो. डब्यात उकडलेली अंडी आणि पाव. कालव्याच्या बांधावर ती पुढे, मी मागे. मला वाटलं होतं चाचपडेल, डगमगेल. कुठलं काय! सुसाट. जणू कालच उतरली होती सायकलवरून. मी मागून हाका मारतोय, अगं पाय, अगं सळई, आणि ती हात हलवतेय.

सातव्या किलोमीटरला म्हटलं, थांबूया आता, डबा खाऊया. "आत्ता कुठे भूक?" आठव्याला म्हटलं, पुढे काही नाही. "नकाशात तर आहे." नकाशा हिनेच तिला दाखवला होता. घरभेदी!

आणि मग रस्ता आला.

तिने पाय टेकला. मी तिच्यामागे वीस पावलांवरच उतरलो. एक ट्रक गेला, मग टँकर, मग बराच वेळ काही नाही. ती वळून म्हणाली, "चल."

माझा हात ब्रेकवरून निघेना. खरंच निघेना. बोटं माझी नव्हतीच.

"बाबा?"

"वाट संपली इथे," मी म्हटलं. "तुला ओलांडायला नको. तुला भीती वाटते."

"मला?" तिने सायकल आडवी टाकली आणि माझ्याकडे चालत आली. "बाबा, मी रोज सायकलनेच जाते कामाला. नऊ महिने झाले. अठरा सिग्नल आहेत वाटेत. तुला सांगितलं नाही, कारण तू झोपला नसतास. आईला माहितीये."

अठरा. मी तिच्या हातांकडे बघितलं. त्या दोन रंगांच्या हातांकडे. एवढ्या नोंदी ठेवणारी मोजणीदाराची जात आणि एक गोष्ट धड दिसली नाही.

मग मी सांगितलं. उभ्या उभ्या, ट्रक जात असताना. बघितलं नव्हतं. नुसता ओरडलो होतो. गोष्ट सांगत होतो.

ती म्हणाली, "माहितीये मला."

"काय माहितीये?"

"तुझं तोंड मागे होतं. मी तुझ्या तोंडाकडेच बघत होते, तू हसत होतास. रस्त्याकडे बघत नव्हतास, दिसलं होतं मला."

"मग आलीस कशाला गं?"

"तू ओरडलास म्हणून."

मी खाली बसलो. ती शेजारी बसली नाही, उभीच राहिली, आणि आवाज चढवून म्हणाली, "चूक तुझीच होती. मी नाही म्हणणार नाही, तुला बरं वाटावं म्हणूनसुद्धा नाही. थोडी माझीही होती, डोळे मलाही होते. पण त्या चुकीचं तुला जे करायचंय ते तुझं तू कर. तुझ्या त्या मोरीचं आईने सांगितलंय, मला तसल्या मोरीत कोंडू नकोस. गाड्या नसलेली वाट मला नकोय. मला बाप हवाय सायकलवरचा, पहिल्यासारखा. आता ऊठ."

मी उठलो नाही. किती वेळ, कोणास ठाऊक. तिने अंडी सोलून दिली, ती खाल्ली. मग ती सायकल घेऊन रस्त्याच्या कडेला गेली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे, आणि पार गेली. पलीकडून वळून दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडली,

"मोकळा!"

तो शब्द मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. टोळीतले लोक माझ्यासमोर हल्ली नुसता हात वर करतात, हे मला आज कळलं.

मी गेलो. डावीकडे बघितलं नाही, उजवीकडे बघितलं नाही. तिच्याकडे बघत गेलो, तीस पावलं. पलीकडे पोचलो आणि खाल्लेली अंडी भरावाच्या पायथ्याशी बाहेर आली. ती पाठ चोळत होती आणि ओरडत होती, "अरे बघायचं ना! कोणी काही ओरडो, आपण बघायचं! अक्कल आहे का तुला?"

पुढचे तेहेतीस किलोमीटर बगळे होते, खडी होती, तोच कुत्रा होता. तळ्याकाठी तिने विचारलं, "ती गोष्ट काय होती रे?" मी सांगितली. दोन भाऊ भिंतीवरून भांडत असतात, दहा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मोजणीदार येतो, मोजतो आणि सांगतो, भिंत तिसऱ्याच्याच जागेत आहे. दोघे भाऊ एकमेकांकडे बघतात आणि दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत होतं की मोजणीदार गाढव आहे.

ती हसली नाही. "एवढ्यासाठी?" म्हणाली. मग आम्ही दोघेही हसलो, पोटात दुखेपर्यंत.

परतीला रस्ता पुन्हा आला. भरावावरून उतरताना ती मुद्दाम मागे राहिली. "तू पुढे."

मी उतरलो. कडेला उभा राहिलो. डावीकडे बघितलं, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, मोजलं नाही किती वेळा. लांबवर एक ट्रक होता, तो जाऊ दिला. पुन्हा बघितलं. पार गेलो, वळलो, आणि ओरडलो. आवाज कसला, फाटक्या टायरमधून हवा जावी तसा निघाला. पण निघाला.

ती कडेपर्यंत आली आणि थांबली. माझ्याकडे न बघता तिने डावीकडे बघितलं, मग उजवीकडे बघितलं. सावकाश, मी ओरडलोच नाही अशा थाटात. आणि मग आली.

मला वाईट वाटलं की बरं वाटलं, ते अजून ठरत नाही. बरोबर केलं पोरीने.

घरी येऊन नकाशावरचं नाव खोडलं. कोऱ्या जागेत रस्ता काढला, शाईने, आणि त्यावर लिहिलं, "इथे गाड्या येतात. दोन्हीकडे स्वतः बघा."